ठेवून गेलेला हात

माझे वडील वेंगुर्ल्याच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. आपल्याबरोबर मोडी मरणार, अशी त्यांची खात्री होती. म्हणूनच की काय, त्यांनी ती मला हट्टाने शिकवली. मोडीत हात उचलावा लागत नाही, त्यामुळे समोरचा बोलेल त्या वेगाने लिहिता येतं. मी फायनल पास होऊन घरी बसले होते. मास्तरणीच्या नोकरीसाठी केलेल्या अर्जाला उत्तर नव्हतं. गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि आमच्या घरात सगळ्या गोष्टी थांबल्यासारख्या होत्या. अशा एका सकाळी दारात एक बाई आल्या. पांढरं पातळ, पायात पुरुषी चपला, वय पंचेचाळीसच्या पुढे. त्यांनी वडिलांना विचारलं, "तुमची मुलगी बोलणं जसंच्या तसं लिहिते म्हणतात, खरं का?"

त्या डॉक्टर होत्या. जन्म मिठबावचा, पण लहानपणीच मुंबईला गेलेल्या. पुढे विलायतेतल्या एका शहरात त्यांनी मेंदूच्या दुखण्यांचा अभ्यास केला, आणि मग त्याच शहरात मनाच्या दुखण्यांचाही. त्यातली गंमत त्या मला पुष्कळदा सांगत. एकाच इस्पितळात मेंदूचे डॉक्टर एका मजल्यावर बसत, मनाचे दुसऱ्या मजल्यावर, आणि दोघे एकमेकांच्या टेबलावर चहासुद्धा पीत नसत. मेंदूवाले म्हणत, रोगी काय बडबडतो ते ऐकण्यात वेळ घालवू नका, रक्त कुठे साकळलंय ते शोधा. मनवाले म्हणत, तो काय बोलतो तेच ऐका, मेंदू आम्हाला दाखवू नका. "आणि रोगी तर एकच होता," बाई म्हणायच्या. "त्याला कुणी दोन मजल्यांवर वाटून दिलं नव्हतं."

ज्यांच्या अंगावरून वारं गेलंय किंवा डोक्याला मार बसलाय, अशी माणसं त्यांना भेटायची होती, आणि तीही आपल्या मुलखातली. विलायतेतल्या रोग्यांचं बोलणं त्यांना कळत असे, पण अर्ध्याच कानाने, असं त्या म्हणत. खोलातून येणारं बोलणं माणूस आपल्या आईच्या भाषेत बोलतो. वेंगुर्ल्याला त्यांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि मला कामावर ठेवलं. पहिल्याच दिवशी ताकीद दिली, "सुधारायचं नाही. 'माका' म्हणाला तर 'माका' लिही. खोटं बोलला तर खोटं लिही. मध्येच गप्प बसला तर गप्प बसला असं लिही."

सुरुवातीला आम्ही बाजारपेठेतल्या एका म्हातारीकडे जात होतो. तापात तिच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली होती. ती रोज सकाळी कालचा दिवस सांगे, आणि त्यातला एक शब्दही खरा नसे. काल मी माहेरी गेले, आईने घावणे केले, बापाने बैलगाडीने परत पोचवलं. आईबाप जाऊन चाळीस वर्षं झाली होती. घरचे हसत. बाई मात्र एकेक गोष्ट घेऊन माझ्याबरोबर बसत आणि विचारत, खरं काय होतं, आणि हिने काय सांगितलं? महिनाभरात त्यांच्या लक्षात आलं की म्हातारी वाटेल ते रचत नव्हती. ती जे रचत होती, ते नेहमी खऱ्यापेक्षा बरं असे. "मेंदूचा जो भाग खरंखोटं निवडतो तो गेला," बाई म्हणाल्या, "पण काय हवं होतं ते सांगणारा भाग शाबूत आहे. आणि आता त्याला अडवायला कोणी नाही."

मला ते वाक्य पुरतं कळलं नाही. ते कळलं तांडेलाच्या घरी.

तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. हा मुंबईपर्यंत कौलं आणि नारळ नेणारा जुना माणूस, साठीच्या आत-बाहेरचा. वेंगुर्ल्याच्या उत्तरेला, खाडीपलीकडच्या वाडीत त्याचं घर होतं. पौषात त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. फाल्गुन लागल्यावर कुणीतरी बाईंना निरोप दिला की तांडेल बरा होईना, आणि काहीतरी भलतंच बोलतोय.

तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, उतरून आम्ही गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. पडवीत बाजेवर उशांना टेकून तांडेल बसला होता. डोळे स्वच्छ, दाढी केलेली, बोलणं नीट. त्याची बायको, जिला घरात थोरली म्हणत, आम्हाला बसायला पाट देऊन दाराशी उभी राहिली.

"कसा काय?" बाईंनी विचारलं.

"बरा आसा. येत्या आठवड्यात गलबत भायर काढतलंय."

"हातपाय चालतत?"

"न चालूक काय झाला?"

बाईंनी पिशवीतून दोरीचा तुकडा काढून त्याच्या मांडीवर ठेवला आणि गाठ मारायला सांगितली. आयुष्यभर दोरांत वावरलेला तो माणूस खूश झाला. उजव्या हाताने दोरीचं टोक घेतलं, वळवलं, फिरवलं. डावा हात पांघरुणावर मेलेल्या माशासारखा पडला होता. उजव्या हाताने थोडा वेळ हवेत सगळ्या हालचाली केल्या, मग दोरी बाईंच्या पुढे टाकली.

"मिया गाठ मारलंय. ओढून बघा, सुटूची नाय."

दोरी सरळ पडली होती. तिला साधी गुंडाळीही नव्हती. तो त्या दोरीकडे इतक्या समाधानाने पाहत होता की मी मान वाकवून, खरंच कुठे गाठ आहे का, ते बघितलं.

बाईंनी मग त्याचा डावा हात मनगटाला धरून उचलला आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"हो हात कोणाचो?"

"धाकल्याचो. माझ्या भावाचो."

"तो खंय आसा?"

"दर्यार गेलो हा. येतलो."

"मगे तेचो हात हयसर कसो?"

तांडेल आम्हाला काहीच कळत नसल्यासारखा हसला. म्हणाला, "हात माझ्याकडे ठेवन गेलो."

मी ते लिहिलं. भर उन्हाची वेळ होती, अंगणात कोंबड्या फिरत होत्या, आणि माझ्या पाठीवर काटा आला.

परतताना थोरलीने तरीपर्यंत सोबत केली आणि भावाची हकीकत सांगितली. नऊ वर्षांपूर्वी, हंगाम संपत आलेला असताना, खाडीच्या तोंडाशी गलबत लाटेत सापडलं. धाकटा भाऊ वाहून गेला. तो आपल्यापासून लांब, गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेकडे होता, हाताला लागलाच नाही, असं तांडेलाने सगळ्यांना सांगितलं. प्रेत मिळालं नाही. कुणी म्हणालं, दुसऱ्या गलबताने उचलला असेल, कारवारकडे गेला असेल. ही आशा सर्वांत जास्त तांडेलानेच धरली. क्रिया करू दिली नाही. त्यामुळे धाकट्याची बायको आजही कुंकू लावते, हातात बांगड्या आहेत. मूलबाळ नाही. याच घरात राहते.

"आता तुमका काय सांगू," थोरली खाली बघत म्हणाली. "तीच तेंचो हात धुता."

पुढच्या खेपेस ते आम्ही पाहिलं. आमच्याकडे धाकटी भावजय थोरल्या दिरासमोर उभीसुद्धा राहत नाही, त्याच्याशी थेट बोलत नाही, अंगाला हात लावणं तर दूरच. ही धाकटी माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. उंच, हाडकुळी, कपाळावर ठसठशीत कुंकू. ती कोमट पाण्याचं भांडं घेऊन आली, पदर खांद्यावरून ओढून घेतला, आणि बाजेच्या डाव्या अंगाला, तांडेलाच्या पाठीमागे येईल अशा बेताने बसली. तो हात तिने मांडीवर घेतला. बोटं एकेक करून धुतली, नखांच्या कडा पुसल्या, खोबरेल चोळलं. खांद्याच्या वर तिने एकदाही पाहिलं नाही. उरलेल्या तांडेलाचं सगळं थोरली करायची. डाव्या दंडापासून खाली धाकटी करायची. दोघींनी ते कधी ठरवलं, कुणी बोलून दाखवलं का, मला माहीत नाही. तांडेल आपला समोर बघत, मुंबईच्या बंदराच्या गोष्टी सांगत बसला होता. आपल्या शरीराला लागून एक बाई नवऱ्याचा हात धुते आहे, यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं.

थोरलीने मला हळूच सांगितलं की पहिल्यांदा तिला राग आला होता. मग तिने एके दिवशी तो हात नीट पाहिला, आणि तिलाही तो नवऱ्याचा वाटेना.

त्या दिवसांत माझंही बिनसलं. विहिरीवर पाणी शेंदताना माझा डावा हात रहाटावर दिसे आणि क्षणभर वाटे, हा कुणाचा? बाईंना सांगितलं तर त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आपला हात आपला आहे, हे काम मेंदू अखंड करत असतो. आपल्याला कळतही नाही. ते काम थांबलं की काय होतं ते तू रोज बघतेस, म्हणून तुझं लक्ष जातंय."

मी विचारलं, "मग हा हात भावाचाच असं तो का म्हणतो? परक्याचा का नाही?"

"तोच तर प्रश्न आहे. दुखण्याने जागा रिकामी केली. तिथे कोण येऊन बसावं, हे काही रक्ताची गुठळी ठरवत नाही."

या रोगात कानात थंड पाणी घातलं तर थोड्या वेळापुरती जाग येते, असं त्यांनी विलायतेत कुठेतरी ऐकलं होतं. कानाच्या आतून मेंदूच्या झोपलेल्या बाजूला धक्का बसतो, काही मिनिटं ती जागी होते, मग परत झोपते. स्वतः त्यांनी ते कधी केलं नव्हतं. थोरलीला त्यांनी सगळं समजावलं. चक्कर येईल, उलटी होईल, पण दुसरा धोका नाही. थोरली म्हणाली, करा.

मातीच्या घागरीतलं गारठलेलं पाणी रबरी फुग्यात भरून बाईंनी ते तांडेलाच्या डाव्या कानात सावकाश सोडलं. मी वही उघडून बसले होते. अर्धं मिनिट काही झालं नाही. मग त्याचे डोळे हलायला लागले. दोन्ही बुबुळं डावीकडे सरकत, मग झटक्याने उजवीकडे येत, पुन्हा डावीकडे. तो स्वतः ते करत नव्हता. त्याच्या डोळ्यांमागे बसून दुसरंच कुणीतरी काही शोधत असावं, तसं ते दिसत होतं. त्याला ओकारी आली. थोरलीने तस्त धरलं. डोळे थांबले, त्याने तोंड पुसलं आणि आपल्या डाव्या बाजूकडे पाहिलं. दोन महिन्यांत त्याने त्या बाजूला मान वळवल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"हो हात कोणाचो?" बाईंनी विचारलं.

"माझो." तो रडायला लागला. "मेलो हो."

"कधीपासून?"

"दोन म्हयने आणि चार दिस झाले."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आपल्याला काही झालंच नाही, असं जो माणूस दोन महिने सांगत होता, त्याच्या आत कुणीतरी बसून दिवस मोजत होतं. थोरली बोटं मोजून म्हणाली, "बरोबर सांगतत."

सात-आठ मिनिटांनी त्याची मान पुन्हा उजवीकडे वळली. बाईंनी तोच प्रश्न विचारला. तो वैतागला.

"कितके येळा सांगू? धाकल्याचो."

आत्ताच काय बोललात, असं विचारलं तर त्याला पाणी आठवत होतं, उलटी आठवत होती. रडलेलं मात्र आठवत नव्हतं.

आठवड्याने बाईंनी ते पुन्हा केलं. या वेळी जाग आल्यावर त्यांनी हाताबद्दल विचारलं नाही. भावाबद्दल विचारलं. तांडेलाने आपल्या डाव्या तळव्याकडे पाहिलं. मग त्याने जे सांगितलं ते मी लिहिलं, आणि लिहिताना वर बघण्याचं धैर्य मला झालं नाही. भाऊ लांब नव्हता. लाटेने बाहेर फेकला गेला तो सुकाणूच्या बाजूला. तांडेलाने डाव्या हाताने त्याचं मनगट पकडलं. उजवा हात सुकाणूवर होता. पुढे खडक होते. सुकाणू दोन्ही हातांनी फिरवल्याशिवाय गलबत वाचत नव्हतं, आणि गलबतावर आणखी सहा माणसं होती.

"मिया सोडलंय," तो म्हणाला. "तेनाच सांगल्यान. 'सोड रे दादा,' म्हणालो. 'सोड.'"

मग जाग ओसरली. त्याने थोरलीकडे पेज मागितली.

थोरली भिंतीला टेकून खाली बसली होती. बाईंनी माझ्या हातातली वही घेतली, मोडी त्यांना वाचता येत नव्हती तरी घेतली, आणि नुसती धरून ठेवली. तेवढ्यात माजघराच्या दारातून धाकटी बाहेर आली. ती आत उभी राहून सगळं ऐकत होती, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच नव्हतं. ती सरळ बाईंच्या समोर आली.

"तेंनी असा सांगल्यानी नाय," ती म्हणाली.

"तुला कसं ठाऊक?" बाई एकदम शुद्ध बोलल्या. त्या घाबरल्या की शुद्ध बोलत.

"ते जन्माचे मुके."

तांडेल पेजेची वाट पाहत होता.

धाकटी सांगत गेली. वाडीत सगळ्यांना माहीत होतं, म्हणून आम्हाला कुणी वेगळं सांगितलं नव्हतं. तिच्या नवऱ्याला ऐकू येई, पण तोंडातून शब्द कधी फुटला नाही. गलबतावर दोघा भावांची खूण होती. दोर हातात असला की धाकटा एक हिसका देई, म्हणजे धर. दोन हिसके, म्हणजे सोड. दोर नसला तर तितक्याच वेळा मनगट दाबायचा. घरातही ती खूण चाले. तिच्याशीसुद्धा तो तसाच बोले.

वेंगुर्ल्यात तरीतून उतरल्यावर बाई म्हणाल्या, "म्हातारीची आठवण येते का तुला? जे हवं होतं ते." मी मान हलवली. मुक्या भावाने तोंडाने सांगावं, सोड, हे तांडेलाला किती हवं असेल! पण मग बाई थांबल्या. "आणि हेही रचलेलं नसेल कशावरून? सोडल्याचं? एखादा माणूस स्वतःला गुन्हेगारही रचू शकतो. मला सांगता येत नाही गं." त्यांना काही सांगता येत नाही, असं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी ठरवलं, आता पाणी घालायचं नाही.

पण चार दिवसांनी धाकटीच वेंगुर्ल्याला आली. एकटी, अनवाणी, चालत आणि तरीने. ती बाईंच्या खोलीच्या पायरीवर बसली.

"बाई, परत एकदा पाणी घालशात? माका तेंका एक इचारूचा आसा."

बाईंनी तिला पुष्कळ समजावलं. तो सांगेल ते खरं असेलच असं नाही, आणि नंतर त्याला काही आठवणारही नाही. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "माझी नऊ वर्सां गेली. माका इचारूक होया."

तिसऱ्या वेळी घागर तिनेच आणली. वेळ दुपारचीच. पाणी कानात गेलं, डोळे हलले, ओकारी आली, मान वळली. तांडेलाने डाव्या बाजूला पाहिलं, तर तिथे हाताशेजारी धाकटी उभी होती, तोंडासमोर तोंड करून. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

"भावजी, तुमी तेंचो हात धरलेलात?"

"धरलेलंय."

"मगे?"

"मिया सोडलंय."

"तेंनी काय केल्यानी?"

तांडेलाचं तोंड वाकडं झालं. "हात दाबल्यान."

"कितके येळा?"

"एक..." तो थांबला. "लाट इली. माका कळाक नाय गो. एक काय दोन, माका कळाक नाय. मिया दोन म्हणान धरून चललंय. अजून दाबता तो. अजून दाबता."

आणि तो आपल्या त्या मेलेल्या हाताकडे असा पाहू लागला की जणू खरंच आत्ता तो दाबला जातोय. मीही पाहिलं. बोटं हलत नव्हती. पण त्या वेळी कुणी मला शपथेवर विचारलं असतं, तर मी नाही म्हणू शकले नसते.

धाकटीने खाली वाकून तो हात उचलला. त्याला त्या हातात काही जाणवत नव्हतं, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने तो त्याच्या डोळ्यांसमोर धरला, मनगटाभोवती आपली बोटं लपेटली आणि दाबलं. मग सोडून पुन्हा दाबलं. दोन वेळा, सावकाश, त्याला दिसेल असं.

तांडेलाच्या घशातून आवाज आला, तो मला लिहिता आला नाही. मी वहीत 'आवाज' एवढंच लिहिलं.

ती हात धरून उभी राहिली. काही वेळाने त्याचा चेहरा पालटला, मान उजवीकडे कलली. त्याने थोरलीला विचारलं, गलबतावर कौलं चढवली काय? ज्याला क्षमा मिळाली होती, त्याला ती मिळाल्याचं पाच मिनिटंही ठाऊक राहिलं नाही.

धाकटीने हात पांघरुणावर ठेवला आणि घागर उचलली.

"आता परत नको, बाई. दरवेळेक तेंका नव्यान कळता, नव्यान मारता ता."

"पण तू जे केलंस ते तो विसरणार," बाई म्हणाल्या.

"माझ्या ध्यानात रवतला," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवसापासून तिने हात धुणं सोडलं. तेही काम थोरलीकडे गेलं. पंधरा दिवसांनी आम्ही गेलो तेव्हा बाईंनी हात उचलून नेहमीचा प्रश्न विचारला. तांडेल गोंधळला. "कोणाचो? म्हायती नाय." बाईंनी सुचवलं, धाकल्याचो? तो म्हणाला, "धाकल्याचो खंयसून असतलो? तो गेलो." हे तो कुठून बोलला, त्याचा बाईंना शेवटपर्यंत उलगडा झाला नाही. त्याला काही आठवत नव्हतं, हे त्यांनी चारचार वेळा पडताळून पाहिलं. आठवणीच्या खाली आणखी काही असतं, तिथे ते पोचलं असावं, असं त्या म्हणाल्या. आणि लगेच, "हे माझ्या निबंधात लिहिता येणार नाही," असंही म्हणाल्या.

वैशाखात त्याला आपोआप जाग आली. पाण्यावाचून. हा रोग पुष्कळदा असाच ओसरतो, बाईंनी आधीच सांगितलं होतं. एका सकाळी त्याने थोरलीला सांगितलं की माझा हात गेला, पाय गेला, गलबत आता दुसऱ्याने न्यावं. मग म्हणाला, धाकल्याची क्रिया करून घेऊ या. का, ते सांगितलं नाही. त्याने आम्हाला काय सांगितलं होतं, तेही कुणी त्याच्यापुढे काढलं नाही.

क्रियेला बाई आणि मी दोघी गेलो. वाडीखालच्या पुळणीवर, ओहोटीच्या वेळी, दर्भाचा माणूस करून निजवला होता. लहान मुलाएवढा. त्याच्या छातीवर नारळ, अंगावर धाकट्याचा जुना सदरा. तांडेलाला खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं. अग्नी त्याने उजव्या हाताने दिला. पाणी सोडायची वेळ आली तेव्हा भटजी म्हणाले, दोन्ही हातांची ओंजळ हवी. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. तांडेल आपल्या मांडीकडे पाहत होता. बायकांच्या घोळक्यातून धाकटी पुढे आली, तिने दिराचा डावा हात खालून उचलून उजव्याला लावला आणि पाणी सुटेपर्यंत तसाच धरून ठेवला. त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काही ओळख होती का, हे मी तेव्हाही सांगू शकले नाही. सगळ्या वाडीने ते पाहिलं, आणि भटजी पुढचा मंत्र म्हणू लागले.

दर्भ फार लवकर जळतो. सदऱ्याला थोडा वेळ लागला. मग बायका धाकटीला माडांच्या आडोशाला घेऊन गेल्या. बांगड्या फुटल्याचा आवाज आला. रडण्याचा आला नाही.

पावसाच्या आधी बाई मुंबईला गेल्या आणि पुढे विलायतेला. वह्यांचं देवनागरी मी त्यांना करून पाठवलं. वर्षभराने त्यांचं पत्र आलं. त्यांनी तांडेलावर निबंध लिहून दोन ठिकाणी पाठवला होता. मेंदूवाल्यांनी कळवलं, कानातल्या पाण्याचं ठेवा, भावाची गोष्ट काढा. मनवाल्यांनी कळवलं, भावाची गोष्ट ठेवा, पाण्याचं काढा. बाईंनी काहीच काढलं नाही. निबंध त्यांच्याकडेच राहिला. नंतर एक-दोन पत्रं आली, मग आली नाहीत.

तांडेल पुढच्या पावसाळ्यात वारला. मला मास्तरणीची नोकरी लागली, गोवा मोकळा झाला, सरहद्दीवरच्या इन्सुलीच्या नाक्यावरून लोक पणजीला सिनेमा बघायला जाऊ लागले. अशातच एकदा दुपारी काजूच्या कारखान्यासमोर धाकटी भेटली. तिथे ती काजू फोडायला जात होती. थोरली तिच्याजवळच राहते, डोळ्यांनी कमी दिसतं, असं सांगितलं. तिची बोटं काजूच्या तेलाने काळी पडली होती आणि सोललेली होती.

"बाईंनी लिवल्यानी ता छापून इला?" तिने विचारलं.

"नाही आलं."

"येवक होया हुता. तेंचा नाव तरी खंयतरी रवला असता."

मी तिला सांगितलं की डॉक्टरांच्या लिखाणात रोग्यांची नावं घालत नाहीत. तिच्या नवऱ्याचंही नसतं आलं. तिने थोडा विचार केला.

"मगे वाचणारे कोणाचा म्हणान वाचतले?"

कारखान्याचा भोंगा झाला. जेवणाची सुट्टी संपली होती. तिने डबा काखेत मारला आणि बाकीच्या बायकांबरोबर ती आत गेली.